पडलेल्या प्राध्यापकाला ओलांडून

किनवटासारख्या तालुक्याच्या गावी संगणकाचा वर्ग चालविणाऱ्या माणसाचा बराचसा वेळ शिकविण्यापेक्षा यंत्रे चालती ठेवण्यात जातो, आणि ज्या काळाविषयी मी लिहीत आहे त्या काळात, म्हणजे २००५ च्या आगेमागे, तर ही गोष्ट विशेषच खरी होती. एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम २००१ साली सुरू होऊन नोकरीच्या अर्जाला त्याचे प्रमाणपत्र जोडण्याचा शिरस्ता पडल्यापासून इस्लापूर, बोधडी, मांडवी, सारखणी अशा गावांहून आणि त्यांच्या भोवतालच्या तांड्यांवरून मुलेमुली एस.टी.ने किनवटास येऊ लागली होती. आणि शहरातल्या कचेऱ्यांनी काढून टाकलेले पेंटियम संगणक, जाड काचेचे अवजड मॉनिटर व बॅटरी उतरलेले यूपीएस एवढ्या सामग्रीवर त्यांना शिकवावयाचे होते. १९५६ पर्यंत हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे, त्यामुळे एकाच बाकावर मराठी, तेलुगू, गोंडी आणि गोरमाटी बोलणारी मुले शेजारी बसलेली असत, आणि पडद्यावर उमटणारी इंग्रजी त्या सर्वांना सारखीच परकी असे.

अशा वर्गात खेळाला स्थान असावे की नसावे, याविषयी पालकांचे आणि माझे मत नेहमीच जुळत असे असे नाही. माझा अनुभव असा, की कीबोर्डावर बोट ठेवताना ज्याचा हात कापतो त्या मुलाची भीती टंकलेखनाच्या धड्याने जात नाही, खेळाने जाते. म्हणून त्या दिवसाचा सराव पुरा करणाऱ्यास शेवटचा काही वेळ खेळण्याची मुभा मी दिली होती. नांदेडला शिकावयास गेलेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने पेन ड्राइव्हवर 'केव्ह स्टोरी' नावाचा एक चिमुकला खेळ आणून दिला तो याच मुभेच्या आधाराने वर्गात शिरला, आणि पुढे कित्येक वर्षे तो तेथून हलला नाही. इतका दीर्घ काळ, इतक्या निरनिराळ्या मुलांच्या हातून, एकच खेळ पुनःपुन्हा खेळला जात असताना पाहण्याचा योग फार थोड्यांच्या वाट्यास येत असेल; तेव्हा त्याच्या गुणदोषांविषयी मी जे लिहीत आहे ते पाठीमागे उभे राहून केलेल्या निरीक्षणाच्या बळावर लिहीत आहे.

दाइसुके अमाया नावाच्या एका जपानी तरुणाने, 'पिक्सेल' हे टोपणनाव घेऊन, सुमारे पाच वर्षे एकट्याने खपून हा खेळ रचला आणि २००४ च्या डिसेंबरात तो कोणासही विनामूल्य उतरवून घेता येईल असा खुला केला. चित्रे त्याची, कथा त्याची, संगीतही त्याचेच. इतकेच काय, ते संगीत लिहिण्यासाठी लागणारे साधनसुद्धा त्याने स्वतःच तयार केले. हा खेळ ज्या परंपरेतला आहे तिचा उगम १९८६ सालच्या 'मेट्रॉइड'मध्ये आहे. एकामागून एक पायऱ्या ओलांडून उजवीकडे धावत सुटण्याऐवजी एका विस्तीर्ण, परस्परांत गुंतलेल्या भूप्रदेशात उड्या मारीत, शत्रूंशी झुंजत हिंडावयाचे, आज बंद असलेला दरवाजा उद्या एखादे साधन हाती आल्यावर उघडावयाचा, आणि हळूहळू त्या प्रदेशाचा नकाशा आपल्या डोक्यात उतरवून घ्यावयाचा, ही त्या परंपरेची रीत होय. 'कॅसलव्हेनिया' मालिकेतील १९९७ च्या 'सिंफनी ऑफ द नाइट'ने तिला भारदस्तपणा आणला, आणि या दोन नावांच्या जोडणीतून पुढे 'मेट्रॉइडव्हेनिया' ही संज्ञा रूढ झाली.

अशा खेळांना हल्ली 'रेट्रो' म्हणतात, आणि शहरातील रसिक त्यांच्यावर लिहितात तेव्हा त्यांच्या प्रेमात बालपणीच्या आठवणींचा मोठा वाटा असतो, हे त्यांच्या लेखनात पदोपदी जाणवते. आमच्या वर्गातील मुलांना तशी आठवणच नव्हती. नव्वदीच्या दशकात किनवटात टीव्हीला जोडावयाचे खेळ आले होते खरे; बाजारातल्या एखाद्या दुकानी 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा'ची कॅसेट लावून तासाच्या हिशेबाने पोरांना बसविले जात असे. परंतु त्या स्वस्त कॅसेटींत खेळ जतन करण्याची सोय नसल्याने जे एका बैठकीत संपते तेच तेथे चाले, आणि दिवसेंदिवस हिंडत राहावे लागणारा 'मेट्रॉइड'सारखा खेळ आमच्याकडे आल्याचे मला स्मरत नाही. म्हणून ३२० बाय २४० ठिपक्यांचा तो पडदा, सोळा ठिपक्यांच्या चौकोनांनी रचलेल्या त्या भिंती आणि मूठभर ठिपक्यांत उभा केलेला तो नायक यांत आमच्या मुलांना भूतकाळ दिसला नाही. टाकाऊ संगणकावर न अडखळता चालणारी, अत्यंत स्वच्छ आणि तात्काळ आज्ञा पाळणारी एक नवी वस्तू दिसली. जुन्या शैलीचे खरे सामर्थ्य मला तेथे कळले. थोडक्या ठिपक्यांत काम भागवावयाचे म्हटले की कलावंताला प्रत्येक वस्तू ओळखू येईल अशीच काढावी लागते. काटे ते काटेच, जमीन ती जमीनच, आणि कशावर पाय ठेवावा व कशावर ठेवू नये याविषयी शंका उरत नाही. नंतरच्या काळात भव्य आणि चकचकीत खेळ त्याच मुलांनी पाहिले, तेव्हा कित्येकांची पहिली तक्रार अशी, की यात कुठे उभे राहता येते आणि कुठे नाही हेच कळत नाही.

उडीविषयी सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या जातीच्या खेळात उडी बिघडली की बाकीचे सारे व्यर्थ ठरते. येथे झेड दाबला की नायक उडतो आणि एक्स दाबला की गोळी सुटते. झेड जितका वेळ दाबून धरावा तितकी उडी उंच जाते, आणि हवेत असतानाही डाव्या-उजव्या बाणाने तिला वळण देता येते. त्यामुळे अंगठ्याएवढ्या खाचेत उतरावयाचे असो वा छतावरच्या काट्यांखालून निसटावयाचे असो, प्रत्येक उडीचे माप खेळणाऱ्याच्या बोटातच असते. पहिल्या दिवशी झेडवर नुसते आपटणारी बोटे आठवड्याभरात तो किती हलका, किती वेळ धरावा हे न पाहता ठरवू लागत, आणि हे शिक्षण कोणत्याही सूचनेवाचून होत असे. आमच्या कीबोर्डांनी मात्र त्यात एक विघ्न आणले होते. स्वस्त कीबोर्डाला विशिष्ट तीन कळा एकदम दाबलेल्या कळत नाहीत. काही यंत्रांवर डावा बाण, झेड आणि एक्स एकत्र दाबले की तिसरी कळ मुकी राही, आणि डावीकडे झेपावत गोळी झाडणे अशक्य होई. मुले त्या यंत्रांना नावानिशी ओळखत आणि त्यांच्यावर बसणाऱ्याच्या पराभवाची मनोमन सूट देत. वर्षभरात प्रत्येक कीबोर्डावरील झेड आणि एक्स ही दोन अक्षरे घासून नाहीशी झाली होती.

शस्त्रांची योजना हा या खेळातील मला सर्वांत विचारार्ह वाटलेला भाग. शत्रू मेला की त्याच्यातून पिवळे त्रिकोण उसळून जमिनीवर टणाटण आपटू लागतात, आणि काही क्षणांत ते नाहीसे होण्यापूर्वी उचलले तर हातातील शस्त्राची पातळी पहिलीवरून दुसरीवर व दुसरीवरून तिसरीवर चढते. उलट, नायकास जखम झाली की ती पातळी उतरते. याचा परिणाम असा होतो, की सावधपणे लढणारा अधिकाधिक बलवान होतो आणि घाबरलेल्याच्या हातातली बंदूक नेमकी गरजेच्या वेळी दुबळी पडते. दोन लागोपाठ नापिकीची वर्षे आली म्हणजे ज्या शेतकऱ्याला कर्जाची निकड सर्वांत अधिक, त्यालाच ते मिळेनासे होते, त्यातलाच हा प्रकार होय. नवशिक्यांना याने रडकुंडीस आणलेले मी पाहिले आहे, आणि तो या योजनेचा दोषच म्हणावा लागेल. तथापि तिच्याच पोटी सुंदर चमत्कृतीही आहेत: मशीनगन तिसऱ्या पातळीवर नेली आणि हवेत असताना खाली गोळ्या झाडीत राहिले तर त्या धक्क्याने नायक वर वर चढत जातो, म्हणजे शस्त्र हेच शिडी बनते, आणि 'नेमेसिस' नावाचे एक शस्त्र तर असे आहे, की पातळी वाढेल तसे ते निकामी होत जाते, म्हणून ते बाळगणाऱ्याने पिवळे त्रिकोण टाळीत लढावयाचे असते. ज्याने आरंभापासून त्रिकोणांमागे धावण्याची सवय लावली त्यानेच शेवटी ती सवय मोडावयास लावावी, ही कल्पकता थोर आहे.

कथेसंबंधी मुलांपुढे अडचण होती ती भाषेची. मूळ जपानी संवादांचे हौशी मंडळींनी केलेले इंग्रजी भाषांतर आमच्याजवळ होते, आणि इंग्रजी वाचू शकणारा जो कोणी असेल त्याला खेळणाऱ्याच्या उजव्या हाताला बसविण्याचा प्रघात मुलांनी स्वतःच पाडला. "त्यो काय म्हणायलाय रे?" हा प्रश्न मी त्या खोलीत इतक्या वेळा ऐकला, की अखेर मी एका लांबट वहीत मुख्य संवादांचा मराठी गोषवारा लिहून ती वही खिडकीपाशी टांगून ठेवली. हवेत तरंगणाऱ्या एका बेटाच्या पोटात सशांसारख्या मिमिगा नावाच्या जीवांची वस्ती आहे. एक डॉक्टर त्यांना एकेक करून पकडून नेतो, लाल फुले खावयास घालून त्यांना पिसाळवतो आणि आपल्या सैन्यात राबवितो. आणि ज्याला स्वतःचे नावही आठवत नाही असा एक यंत्रमानव या भानगडीत येऊन पडतो. नायक जातो तेव्हा गावात उरली आहेत मोजकी माणसे, आणि कोणाला धरून द्यावे यावरून त्यांच्यातच भांडण लागलेले आहे. दिवाळीनंतर ज्यांच्या तांड्यावर ऊसतोडीमुळे म्हातारे आणि लेकरे तेवढी उरतात, अशा मुलांना त्या निम्म्या ओस गावाचे वर्णन करून सांगावे लागले नाही. टोरोको नावाच्या लहानग्या मिमिगाच्या वाट्यास जे येते ते पाहिल्यावर एका मुलाने कीबोर्ड बाजूला सारला आणि त्या दिवशी पुन्हा हात लावला नाही, हे मी पाहिले आहे.

आता या खेळाच्या एका उणिवेकडे येतो, जी किनवटात जितकी जाचक ठरली तितकी ती त्याच्या कर्त्याला कधी कल्पनेतही दिसली नसेल. खेळ जतन करावयाचा तो ठरावीक ठिकाणीच. तेथे फ्लॉपीचे चिन्ह असते, आणि त्याला जाऊन भिडल्याशिवाय आजवर मिळविलेले काहीही राखता येत नाही. या नियमामागचा हेतू मला मान्य आहे. दोन फ्लॉपींमधली वाट जोखमीची असते म्हणूनच तिथली प्रत्येक उडी मोलाची होते, आणि कधीही, कुठेही जतन करता आले असते तर त्या वाटेतील भय आणि उत्कंठा दोन्ही मावळली असती. परंतु आमच्याकडे त्या जोखमीत भारनियमनाची भर पडत असे. दिवसाकाठी कित्येक तास वीज नसे, वेळापत्रक असे ते पाळले जाईच असे नव्हते, आणि यूपीएसच्या उतरलेल्या बॅटऱ्या मिनिटभरातच मान टाकीत. राक्षसाच्या अंगात शेवटची दोन गोळ्यांची जागा उरली असताना "लाईन गेली!" असा एकच आवाज उठून खोली काळीठिक्कर होई. शेवटच्या टप्प्यांत, विशेषतः ज्याला खेळणारे 'हेल' म्हणतात त्या पवित्र भूमीत, आरंभीच्या एका घरातील फ्लॉपी सोडली तर अखेरपर्यंत दुसरी नाही. तो भाग आमच्याकडे थोड्यांनीच पार केला, आणि त्या थोड्यांपैकी बहुतेकांनी तो भल्या सकाळी पार केला, कारण सकाळची वीज अधिक भरवशाची असे.

याहून मोठी गैरसोय अशी, की या विनामूल्य आवृत्तीत जतन केलेली एकच नोंद राहू शकते. ती 'प्रोफाइल' नावाच्या एका छोट्या फाइलीत असते, आणि सकाळच्या तुकडीतील मुलाने मेहनतीने पुढे नेलेली गोष्ट संध्याकाळच्या तुकडीतील मुलाने नकळत पुसून टाकली की दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दारातच कज्जा उभा राही. यावर तोड म्हणून मी प्रत्येकास खेळाची संपूर्ण नक्कल आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावयास शिकविले, आणि जी फाइल-व्यवस्था पुस्तकातून समजावताना माझा घसा कोरडा पडे ती या एका गरजेपोटी मुलांनी दोन बैठकींत आत्मसात केली. नक्कल करणे, चिकटविणे, नाव बदलणे, जुनी फाइल राखून नवी वेगळी ठेवणे, हे सारे कोणी तरी आपली कमाई बुडवील या धास्तीने शिकले गेले. कठीण जागेच्या अलीकडे फाइलीची एक प्रत काढून ठेवावयाची आणि फसले तर ती परत आणावयाची, ही युक्तीही मुलांची. कर्त्याच्या नियमाला तिने वळसा घातला खरा, पण जेथे वीजच कोणता नियम पाळीत नाही तेथे तिला लबाडी म्हणण्यास माझे मन धजले नाही.

शोधाच्या दृष्टीने पाहता हा खेळ आपल्या परंपरेशी अर्धाच प्रामाणिक आहे. मिमिगा गावातून दूरदूरच्या प्रदेशांत नेणारी यंत्रे आहेत, पण कोणत्या क्रमाने कोठे जावयाचे हे बव्हंशी ठरलेले असते, आणि 'मेट्रॉइड'मध्ये हरवून जाण्याचा जो अनुभव येतो तो येथे क्वचितच येतो. एकदा ओलांडलेल्या प्रदेशात पुन्हा हिंडण्याचे प्रसंग येतात, परंतु ते सगळेच रंजक नाहीत. वाळवंटात जेंका नावाच्या म्हातारीची हरवलेली पाच कुत्र्याची पिल्ले एका वेळी एकच उचलून आणावयाची आहेत, आणि त्या येरझाऱ्यांत पाय मोडून घेण्यापलीकडे नवे काही हाती लागत नाही. या खेळातील खरा शोध भूमीत नसून निवडीत आहे. आरंभी झोपलेल्या बंदूकवाल्याच्या घरातून उचललेले पोलर स्टार हे पिस्तूल पुढे कर्ली ब्रेस या मुलीच्या मशीनगनशी बदलता येते. ज्याने ते बदलले नाही तो फार पुढे जाऊन त्या बंदूकवाल्याकडे पुन्हा गेल्यास त्या पिस्तुलाचे स्पर नावाच्या अतिप्रबळ शस्त्रात रूपांतर होते. हे खेळात कोणी सांगत नाही. तरीही ज्याची वस्तू त्याच्याकडे परत न्यावी एवढी समज असलेल्याला ते सुचू शकते, म्हणून या गुपिताबद्दल माझी काही तक्रार नाही.

माझी तक्रार आहे ती प्राध्यापक बूस्टर यांच्या प्रसंगाबद्दल. चक्रव्यूह नावाच्या प्रदेशातून जाताना एका खळग्यापाशी हा ओळखीचा, सज्जन, विद्वान मनुष्य वरून कोसळून नायकाच्या पुढ्यात पडतो. कोणीही भला माणूस करील तेच खेळणारा करतो: खाली उतरतो, त्याच्याशी बोलतो. प्राध्यापक आपण केलेले उड्डाणयंत्र त्याच्या हाती देतो आणि प्राण सोडतो. आणि एवढ्या एका भेटीने, खेळणाऱ्याला काडीमात्र कल्पना न देता, कथेचा सर्वोत्तम शेवट कायमचा बंद होतो. कारण पुढच्या झुंजीनंतर पाणी भरलेल्या दालनात कर्ली आपली हवेची टाकी नायकाला देऊन स्वतः बुडते, आणि तिला ओढून नेण्याची दोरी ज्याने प्राध्यापकाशी भाषण केले त्याला तेथे सापडतच नाही. जो खळग्यावरून लांब उडी घेऊन, पडलेल्या माणसाकडे न पाहता, सरळ निघून जातो, त्याला दोरी सापडते, कर्ली वाचविता येते. आणि ज्याला त्याने टाकून दिले तो प्राध्यापकही मिमिगा गावातल्या एका घरी जिवंत भेटून अधिक चांगले उड्डाणयंत्र त्याच्या स्वाधीन करतो.

हे गुपित परदेशांत बहुधा जो तो दुसऱ्याने लिहिलेले वाचून जाणतो. आमच्याकडे इंटरनेट नावापुरते होते, आणि वर्गातील प्रत्येक जण कर्लीला बुडताना पाहून, कथा अशीच आहे असे धरून चालला होता. एके संध्याकाळी सारखणीकडून येणारी एक मुलगी वीज जाण्याची वेळ टळून गेल्यामुळे घायकुतीला येऊन खेळत होती. आता जाईल, मग जाईल, या धाकाने पुढची फ्लॉपी गाठावी एवढाच तिचा विचार होता, आणि प्राध्यापक कोसळला तेव्हा तिने त्याला तसाच सोडून खळगा ओलांडला. "अगं, त्यो पडला की! थांब ना!" असे शेजारचा ओरडला, पण ती थांबली नाही. थोड्या वेळाने तिच्या हाती दोरी आली, आणि बुडालेल्या कर्लीला पाठीशी बांधून ती निघाली तेव्हा खोलीतील सारी बाके रिकामी होऊन त्या एका पडद्यामागे गर्दी झाली. कोणी म्हणे, हिचा खेळ निराळा आहे. कोणी म्हणे, हिने फाइल बदलली. अखेर त्या मुलीनेच, तिच्या फोल्डरात राखलेली चक्रव्यूहापूर्वीची प्रत दोन ठिकाणी ठेवून, एकीत थांबून आणि एकीत न थांबता, दोन्ही वाटा सर्वांसमक्ष खेळून दाखविल्या. इतकी चोख सिद्धता मी तोपर्यंत कोणत्याही विद्यार्थ्याकडून पाहिली नव्हती. त्या दिवसापासून मुलांचे खेळणे बदलले. खेळातल्या पुढच्या जलमार्गातील ज्या झोपडीत कर्लीला निजवून तिच्या अंगातले पाणी काढावे लागते ती पूर्वी सगळ्यांनी सोडून दिली होती, ती आता सापडली, कारण प्रत्येक दार उघडून पाहण्याचा आणि प्रत्येक फळीवरचे पुस्तक वाचण्याचा सपाटा सुरू झाला. वाचून दाखविणाऱ्यांचा भाव त्या महिन्यात फारच वधारला होता.

परंतु त्याच बरोबर एक वादही उभा राहिला, आणि तो मला खेळाहून महत्त्वाचा वाटतो. नव्याने येणाऱ्या मुलाला हे सांगावे की नाही? न सांगावे तर तो माणुसकीने वागतो आणि त्यापायी सर्वोत्तमाला मुकतो. सांगावे तर पडलेल्याला ओलांडून जा असे आपणच त्याला शिकवितो. मी असा पायंडा पाडला, की ज्याने एकदा शेवट गाठला त्यालाच ही गोष्ट कळावी. मोठ्या मुलांतील काहींनी प्रसंगाचे समर्थन केले: प्राध्यापक मरतो तो आपण त्याचे यंत्र काढून घेतो म्हणून, न घेतले तर तो त्याच यंत्राच्या बळावर बाहेर पडतो, तेव्हा आपली दयाच त्याला मारते. हा अर्थ चतुर आहे, आणि कर्त्याच्या मनात तो असूही शकेल. पण ते यंत्र आपण मागत नाही, तो आपण होऊन देतो. आणि घेऊ की नको असे विचारण्याची सभ्यता खेळ दाखवीत नाही. ज्या खेळाने इतरत्र प्रत्येक काटा स्वच्छ ओळखू येईल असा काढला, त्याने सर्वांत खोल खळगा तेवढा झाकून ठेवावा, हे मला आजही खटकते.

पुढे काळ बदलला. अमायाच्या खेळाच्या विक्रीच्या आवृत्त्या निघाल्या. २०१० साली एक आणि २०११ साली 'केव्ह स्टोरी प्लस' नावाने संगणकासाठी दुसरी. तीत चित्रे अधिक रेखीव आहेत, संगीत नव्याने वाजविलेले आहे, आणि जतन करण्याच्या जागाही एकाहून अधिक आहेत. प्राध्यापकाचा प्रसंग मात्र जसाच्या तसा. ऑस्ट्रेलियातील टीम चेरी या अगदी छोट्या चमूचा 'हॉलो नाइट' २०१७ मध्ये आला, तो आमच्या नव्या यंत्रांवर चालतो, आणि त्यात प्रदेशाचा नकाशा प्रथम विकत घेऊन मग विसाव्याच्या बाकावर बसल्यावरच त्यात भर पडते, ही योजना मला शोधाच्या दृष्टीने 'केव्ह स्टोरी'हून सरस वाटते. हरवण्याला तेथे पुन्हा किंमत आली आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी' काढला तेव्हा आपल्या राज्यातही असे काम होऊ शकते हे पाहून मुलांना हुरूप आला. त्याचा घाट निराळा आहे, त्याला लागणारा संगणकही भारी. आणि एका माणसाने फावल्या वेळात, सोळा ठिपक्यांच्या चौकोनांतून उभा केलेला खेळच 'आपणही करून पाहावे' असे मुलांना वाटावयास लावतो, असे मी अनुभवाने म्हणतो. पैनगंगेच्या काठाने सहस्रकुंडापर्यंत जाणारी एक वाट आमच्या काही मुलांनी चौकटींच्या वहीत प्रदेश म्हणून आखलीही होती.

सारखणीची ती मुलगी आता हैदराबादेत संगणकाचे सॉफ्टवेअर तपासण्याच्या नोकरीत आहे. गावी आली की भेटते, आणि आमचा जुना वाद अजून मिटलेला नाही. माझे म्हणणे असे, की प्राध्यापकाच्या तोंडी एकच वाक्य घालावयास हवे होते. "माझे यंत्र माझ्याजवळ राहू दे, मी निभावून नेईन, तू पुढे हो," एवढे त्याने खळग्यातून ओरडून सांगितले असते आणि मग थांबणे वा जाणे खेळणाऱ्यावर सोपविले असते, तर तीच निवड कितीतरी जड आणि कितीतरी न्याय्य झाली असती. ती म्हणते, "सर, त्यानं ओरडून सांगितलं असतं तर त्या दिवशी सगळी बाकं रिकामी झाली नसती." तिच्या या उत्तरातील तथ्य मी झोपडीच्या, पुस्तकांच्या, पिस्तुलाच्या बाबतीत पूर्णपणे मान्य करतो, प्राध्यापकाच्या बाबतीत करीत नाही.